पाळकसाहेबांची साक्ष

"उभं राहून बोललास न्हवं? मग आता धरून राहायचं."

हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो आमच्या तरुण संघातला नाही, असं खुशाल समजा. रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये संघाची सभा असे. तिथे साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. सांगून झालं की पाळकसाहेब चष्म्याच्या वरून बघत आणि हे बोलत. व्यासपीठावर त्यांची भाषा एकदम पुस्तकी, पायरी उतरले की आमच्यासारखी.

तिसगावच्या बाजाराला जाणाऱ्या पाच-सात गावांची मंडळी त्यांच्याकडे होती. मी तेव्हा पोलीस भरतीत दोनदा आपटलेला. घरात तोंड दाखवायची चोरी. साहेबांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि गावोगाव फिरवलं. दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला जात, तेव्हा आम्ही कारखान्यावर जाऊन पाचटाच्या कोप्यांमध्ये, म्हणजे त्यांच्या झोपड्यांमध्ये, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देत असू. वाटेत ते मला शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवत, पण वाऱ्यामुळे मला निम्मंच ऐकू येई. तरी मी "व्हय साहेब" म्हणायचो.

एकदा मीही साक्ष दिली. प्रभूने माझा राग काढून घेतला म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या टँकरवर शेजाऱ्याची गचांडी धरली. साहेब घरी आले, आईने दिलेला चहा शांतपणे प्याले आणि मला त्या शेजाऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं. माफी मागून परत येताना म्हणाले, "झेपंल तेवढीच साक्ष देत जा. देवाला मोठी लागती असं न्हाई."

त्यांची स्वतःची साक्ष मात्र मोठी होती. लहानपणी त्यांना नाग चावला. वडिलांनी रात्रभर मांडीवर घेऊन प्रार्थना केली आणि सकाळी पोराने उठून भाकर मागितली. ही साक्ष ते दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात देत. आम्हाला ती तोंडपाठ होती, लहान पोरं तिचं नाटक करायची आणि नाग व्हायला भांडायची. भरतीत पडलो तेव्हा मी रडलो नाही, कारण मनात तो नाग होता. ज्याने त्यांना उठवलं तो मलाही उठवील, एवढाच माझा विश्वास. खरं सांगायचं तर त्याखाली दुसरं काही नव्हतं.

पाळकीणबाई चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. त्यांना शुगर होती, रोज सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यावं लागायचं. त्या सुयांना त्या कंटाळल्या होत्या. हायवेलगत एका मांडवात दर शुक्रवारी चंगाईची सभा सुरू झाली, तिथले ब्रदर डोक्यावर हात ठेवून आजार घालवतात म्हणे. बाई बहिणीबरोबर गेल्या आणि तिथेच माईक हातात घेऊन त्यांनी साक्ष दिली की प्रभूने मला बरं केलं, आता मला सुईची गरज नाही. कोणीतरी ते मोबाईलवर काढलं. पाळकाची बायको म्हटल्यावर काय, ती साक्ष तालुकाभर फिरली. कारखान्यावरच्या कोप्यांमध्येसुद्धा लोकांनी ती मला दाखवली.

बाईंनी इंजेक्शन बंद केलं. महिन्याभरात त्यांच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पेटीजवळ पाण्याचा तांब्या आला. दोन गीतांच्या मधे त्या घटाघटा पाणी पीत आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघत असू. पायाला झालेली जखम चिघळत गेली. डॉक्टरांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं की असंच चाललं तर बाई हाताला लागणार नाहीत.

साहेबांनी विनवण्या केल्या, रागावले, मुलीला राहात्याहून बोलावून घेतलं. बाईंचं उत्तर एकच. ते त्यांनी माझ्यासमोरही दिलं, भाकरी थापता थापता.

"मी लोकांपुढं उभी राहून बोलले. आता सुई घेतली तर मी खोटी, आन् माझा देवबी खोटा. धरून राहायचं, असं तुमीच शिकवता ना पोरांना?"

साहेब उठून बाहेर गेले. बोलणं अर्धं टाकून ते उठलेले मी तेव्हाच पाहिले, आणि मला भीती वाटली.

पुढच्या रविवारी ते व्यासपीठावर चढले. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे, बाई पेटीशी. साहेबांनी शास्त्र उघडलंच नाही. वर उभं राहून ते पायरीखालच्या भाषेत बोलले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांनी ओळखलं.

"नागाची साक्ष तुमाला ठावं हाय. ती मी आज मागं घेतो. माझ्या बापानं रातभर प्रार्थना केली, हे खरं हाय. पर ती बैलगाडीत केली. गाडी दवाखान्याकडं चालली हुती. डाक्टरनं मला इंजेक्शनं दिली. मी सांगत गेलो तशी गाडी सुटत गेली. साक्ष मागं घेता येती. देव त्यानं मरत न्हाई."

हे बोलताना ते मंडळीकडे बघत नव्हते, बाईंकडे बघत होते. बाईंनी पेटीचा भाता लावला आणि त्या उठून गेल्या. उपासना बिनपेटीची संपली.

बाहेर मंडळीच्या पंचांनी त्यांना घेरलं. आता पोरांना काय सांगायचं, असं विचारलं. "गाडी जुंपायला शिका म्हणावं," साहेब म्हणाले आणि चालू लागले. मी मागोमाग गेलो. मला फसवल्यासारखं झालं होतं. माझा सगळा विश्वास एका नागावर उभा, आणि यांनी तो नाग दवाखान्यात नेऊन सोडला. इतकी वर्षं का नाही सांगितलं, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"लोकांना गाडी नको हुती," ते म्हणाले. "हळूहळू मलाबी नको झाली."

घरात बाई पलंगावर बसल्या होत्या. साहेबांनी फ्रिजमधून इंजेक्शन काढलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बाईंनी दंड पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"टोचा. पर मी फिरले न्हाई. तुमी फिरलात."

"व्हय," साहेब म्हणाले. "मीच फिरलो."

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तेच टोचत. बाई त्या सुईबद्दल चकार शब्द काढत नसत, जणू दंड त्यांचा नव्हेच. त्या वाचल्या. मंडळी मात्र फुटली. पाळकाचाच विश्वास उडाला, असं म्हणत निम्मे लोक मांडवात गेले. वर्षाच्या आत साहेबांची बदली झाली, तीही जिथे रविवारी मोजून चार डोकी येत अशा ठिकाणी. निवृत्त झाल्यावर दोघं राहात्याला मुलीकडे राहिले. मी अधूनमधून जायचो. मला अजूनही प्रार्थना करताना अडखळायला होतं आणि त्याचा दोष मी कधी साहेबांना देतो, कधी त्यांचे उपकार मानतो. हे त्यांना सांगितलं तर ते नुसते हसायचे.

गेल्या थंडीत साहेब झोपेतच गेले. माती द्यायला माणसं थोडी होती. बाई कबरीपाशी ताठ उभ्या राहिल्या, डोळ्यांत टिपूस नाही. बायकांमध्ये त्यावरही कुजबूज झाली.

संध्याकाळी घरी जेवणाच्या आधी मुलीने फ्रिजमधून इंजेक्शनचं पेन आणलं. बाईंनी ते तिच्या हातातून घेतलं. माझं मी घेते, म्हणाल्या. पेन उलटसुलट करून पाहिलं, त्यावरचे आकडे डोळ्यांजवळ नेले.

"आता किती घ्यायचं असतं गं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक नव्हतं. ते घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. मुलगी डॉक्टरांना फोन लावायला उठली.

"इतकी वर्षं टोचून घेतलं," बाई म्हणाल्या, "आन् येकदाबी विचारलं न्हाई मी त्यांना."

मग पेन तसंच मांडीवर धरून त्या रडायला लागल्या.