पिन नव्हती, तरी ट्रॉली वर आली

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या लातूरकडच्या गावात अंगात येणाऱ्या बायका लहानपणापासून बघितल्यात. त्यातल्या एकीला मी भर मांडवात विचारलं होतं, ‘देवी सासू समोर असतानाच कशी काय येते हो?’ तेव्हापासून नातेवाइकांत माझं नाव ‘फटकळ रेखा’. भूत, करणी, जागेचा दोष... हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं.

तरी लिहितेय. कारण मध्यंतरी कुणीतरी माझीच गोष्ट भीतीदायक म्युझिक लावून रीलमध्ये टाकली — ‘चाकणच्या कंपनीतला झपाटलेला रॅम्प’. त्यात काळी सावली, लाल डोळे, बाईची किंकाळी. खाली लोक विचारतायत, ‘दिसला का तो?’ अरे, एक माणूस मेलाय तिथे! मनोरंजन चाललंय का? म्हटलं, आता मीच सांगते. जे झालं तेवढंच.

कंपनीचं नाव लिहिणार नाही, प्रकरण कोर्टात आहे. चाकणला, महाळुंगेच्या बाजूला. गाड्यांचे ओतीव लोखंडी पार्ट बनतात. मशीन शॉप खालच्या अंगाला, डिस्पॅच वरच्या अंगाला आणि मध्ये सिमेंटचा रॅम्प. रॅम्पच्या पायथ्याशी एक जाड खांब. मी तिथे ठेकेदाराकडून टगर चालवायला होते. टगर म्हणजे बॅटरीवरची बुटकी गाडी, मागे ट्रॉली जोडून माल ओढते. भरलेली ट्रॉली म्हणजे चार माणसांनी रेटली तरी हलणार नाही, असं वजन.

आता जोडणी समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. टगरच्या मागे हुक असतो — जबड्यासारख्या दोन जाड लोखंडी पट्ट्या. ट्रॉलीच्या दांडीची कडी त्या जबड्यात घालायची आणि वरून पिन सोडायची. हादऱ्याने पिन उडू नये म्हणून वर स्प्रिंगचा खटका असतो, तो पिन दाबून धरतो. आमच्या टगरचा खटका तुटलेला होता. कधीपासून? मी लागले तेव्हापासून! पिनला बाइंडिंग वायर गुंडाळायची आणि चालवायचं. मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, “ऑर्डर टाकलीय.” तानाजीदादांनी सांगितलं. त्यांनाही तेच, “ऑर्डर टाकलीय.”

तानाजीदादा म्हणजे दुसऱ्या शिफ्टचे टगरवाले. राजगुरुनगरच्या पुढे एका वाडीत त्यांचं घर. पन्नाशीला टेकलेले, कमी बोलणारे. टगर मला त्यांनीच शिकवला. “रेखे, डोळं फुडं आन् कान मागं ठिवायचा,” म्हणायचे. “ट्रॉली आदी आवाज करती, मंग दगा देती.”

त्यांना दगा दिला तो ट्रॉलीने नाही. शिफ्ट बदलायच्या वेळेला, उजेडात, सगळ्यांसमोर ते भरलेली ट्रॉली घेऊन रॅम्प चढत होते. पिन उडाली. ट्रॉली मागे घसरली. दादांनी टगरचा ब्रेक दाबला, उडी मारली आणि चाकाला लावायचा लाकडी गुटका घेऊन ट्रॉलीच्या मागे धावले. खाली कुणी माणूस नव्हता हो! माल सांडला असता, एवढंच. पण माल सांडला की मेमो मिळतो, म्हणून धावले. चाकाखाली गुटका बसला नाही. ट्रॉली आणि तो खांब यांच्यामध्ये दादा सापडले.

दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत.

आणि कंपनीने काय म्हणावं? ‘कामगार चालत्या ट्रॉलीच्या मागे गेला. नियम मोडला. चूक त्याची.’ नोटीस बोर्डावर फुलांच्या चित्रासकट श्रद्धांजली आणि त्याच्याच शेजारी ‘सुरक्षा आपली जबाबदारी’ असा नवा फलक. मी तो वाचला आणि माझ्या कानशिलात घण बसल्यासारखं झालं.

टगर काही दिवस बंद होता. मग परत आला. हुकला पिवळाधमक नवा रंग. मी खाली वाकून बघितलं... तोच हुक. तोच तुटलेला खटका, रंगाखाली. पिनला नवी कोरी वायर.

मी सुपरवायझरला म्हटलं, “मी हे चालवणार नाही.”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मग घरी बसा ताई. गेटबाहेर लाइन लागलीय.”

घरी दोन पोरं, आणि नवरा तळवड्याला पाळीवर. मी बसले टगरवर. पण पक्कड खिशात ठेवायला लागले. दर खेपेला स्वतः उतरायचं, पिन बघायची, वायर पिळायची, मगच रॅम्प. सुपरवायझर ओरडायचा, टाइम जातो म्हणून. ओरड बाबा.

त्या दिवशीही तसंच केलं. दुपारचं जेवण होऊन थोडाच वेळ झाला होता, पत्र्यातून उन्हाचे पट्टे खाली पडले होते. ट्रॉली भरलेली. पिन बघितली, वायर पिळली, निघाले. रॅम्पच्या मध्यावर आले आणि मागे ‘टक्’ झालं. टगर एकदम हलका झाला. ज्याने ओढायची गाडी चालवलीय त्याला कळेल. दोरीला लोंबकळणाऱ्याच्या हातातून दोरी सुटावी तसं होतं. मला कळलं, पिन गेली. आणि मला हेही माहीत होतं, की पॅकिंगची शारदा रिकामे खोके घेऊन माझ्या मागून रॅम्प चढतेय.

ओरडायला तोंड उघडलं. 

आणि तेवढ्यात टगर परत जड झाला.

झटका नाही, हिसका नाही. नेहमी चढावर भार येतो तसा भार आला. मोटारचा आवाज खाली बसला, सीट मागे दबली. मला वाटलं, आपल्याला भास झाला, पिन जागेवर आहे. तशीच वर गेले. सपाटीवर थांबवलं, ब्रेक लावला, उतरून मागे आले.

हुकात पिन नव्हती.

दांडीची कडी जबड्यात नव्हतीच. जबडा आणि कडी यांच्यामध्ये वीतभर रिकामी जागा. आणि दांडी — ती सुटली की तिने खाली पडायला पाहिजे, तिला धरायला दुसरं काही नसतं — ती दांडी हवेत, हुकाच्या उंचीला, आडवी. मी बघत राहिले. मग ती खाली आली. आपटली नाही. भरलेली घागर कुणीतरी जपून खाली ठेवावी, तशी टेकली.

शारदा खोके टाकून धावत वर आली. पांढरीफटक. म्हणाली, “रेखाताई, मी ओरडत होते, तुम्हाला ऐकू नाही आलं? मी कडेला सरले, तर टगर आणि ट्रॉलीच्या मधून पलीकडचं दिसत होतं! ट्रॉली सुटली होती तुमची... सुटून वर चालली होती!” तिच्या मुठीत पिन होती. रॅम्पच्या मध्यावर सापडलेली. वायर तुटलेली.

मला भीती नाही वाटली, खरं सांगते. संताप आला. इतका की मी ती पिन घेऊन थेट सुपरवायझरच्या टेबलावर आपटली. “ही बघा तुमची ऑर्डर!”

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग एचआर साहेबांच्या केबिनमध्ये लावलं. मीही बघितलं. बाजूने दिसत होतं. आधी टगर, मग रिकामी जागा, मग ट्रॉली, तिघं एका चालीने रॅम्प चढतायत. साहेबांनी ते मागे घेऊन घेऊन बघितलं.  नंतर मी मागितलं तेव्हा ‘जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं’ म्हणाले.

मला वाटलं, आता तरी खटका येईल. दुसऱ्या दिवशी आला कोण? गुरुजी! रॅम्पवर होम, नारळ, सगळ्यांना शिरा. आणि टगरच्या हुकला लिंबू-मिरची. कशाने बांधलेली माहितेय? बाइंडिंग वायरने. खटक्याच्या जागी लिंबू! मी ते तोडून कचऱ्यात टाकलं. चार बायका माझ्यावर चिडल्या. चिडू देत.

मग एचआर साहेबांनी बोलावलं. चहा मागवला, खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. म्हणाले, “रेखाताई, तानाजीच्या घरी जाऊ या. त्याच्या बायकोने तक्रार केलीय. बिचारी दुःखात आहे. तुम्ही पाहिलंत ते तिला सांगा, तिच्या मनाला शांती मिळेल. एक शब्द खोटा बोलायचा नाही. फक्त जे पाहिलं ते.”

मी गेले. वहिनींना खटक्याचं कुणीतरी सांगायलाच हवं होतं, म्हणून गेले. कंपनीच्या गाडीतून.

मंगलवहिनी ओट्यावर बसल्या होत्या. साहेबांनी वाकून नमस्कार केला. मी झालेलं सगळं सांगितलं — ‘टक्’, हलकं होणं, जड होणं, दांडी. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझं संपताच साहेब सुरू झाले, “बघा ना वहिनी, तानाजीनेच ट्रॉली धरली असणार. त्या जागेतच काहीतरी आहे. अशा गोष्टींपुढे माणूस काय करणार? कंपनी तरी काय करणार?”

वहिनींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. मला विचारलं, “पिन कशी काय निगाली गं?”

“खटका तुटलाय वहिनी. पहिल्यापासून. दादांच्या वेळीही तुटलेलाच होता. त्यांनीही सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. नुसता रंग मारलाय.”

“तो विषय वेगळा आहे, रेखाताई,” साहेब म्हणाले.

“येगळा कसा?” वहिनी उठून उभ्या राहिल्या. “सायेब, तुमी म्हंता त्यांनी ट्रॉली धरली. बरं, धरली आसंल. मंग कशापायी धरली? पिन निगती म्हणूनच न्हवं? मेलेल्या माणसाला कळलं, आन् तुमाला कळंना व्हय?”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला आत कुठेतरी बरं वाटलं... पण वहिनी माझ्याकडे वळल्या. “आन् तू गं? तू ह्यांच्या गाडीत बसून आलीस? येष्टी बंद हाय का?”

 परतताना मी त्या गाडीत बसले नाही. राजगुरुनगरपर्यंत वडापच्या जीपने आले, तिथून एसटी.

पुढे कारखाने तपासणारे सरकारी साहेब आले. मी जबानी दिली. एचआर साहेब शेजारीच उभे. ज्यांनी मला ही गोष्ट सांगायला गाडीतून नेलं, तेच आता हसून म्हणाले, “सर, या बाईंना भुतं दिसतात. यांच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, तुम्हीच ठरवा.”

त्या क्षणी माझ्या हातात पक्कड असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

पण ते सरकारी साहेब म्हणाले, “मला भूत नको, हुक दाखवा.” त्यांनी टगरच्या मागे बसून लोखंडी पट्टीने पिवळा रंग खरवडला. आत खटक्याची जागा गंजून काळी पडलेली. तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा तसाच अडकलेला, त्यावरही गंज. “हा गंज काय महिन्याभरात चढला का?” त्यांनी विचारलं.  खटका पहिल्यापासून तुटलेला, हे शारदानेही सांगितलं, पॅकिंगच्या बाकी बायकांनीही. नारळाच्या वेळी माझ्यावर चिडलेल्या त्यातल्याच.

मग मला विचारलं, “ट्रॉली वर कशी आली?”

“माहीत नाही साहेब,” मी म्हटलं. “पिन कशी गेली ते माहीत आहे.” त्यांनी पिनचं तेवढं लिहून घेतलं, ट्रॉलीचं नाही.

सगळे टगर बंद झाले, सगळ्यांना नवे हुक लागले. जे आम्ही वर्षभर मागत होतो ते आठवड्यात आलं. म्हणजे येऊ शकत होतं! सरकारी नोटिशीत जोडणी सदोष होती असं आलं, दादांची चूक असं नाही. कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेलीय. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. सध्या मी भोसरीला एका गोडाऊनमध्ये आहे.

आता तुम्ही विचाराल, मग ते काय होतं? खूप लोकांनी कारणं सांगितली. कुणी म्हणालं, वेगामुळे आली असेल — बैलगाडीच्या चालीने चढावर? कुणी म्हणालं, कडी कुठेतरी अडकली असेल. वीतभर लांबून? मला कुठलंच पटलं नाही. आणि दादाच होते, असंही मी म्हणत नाही. मी कुणाला बघितलं नाही. आवाज नाही, सावली नाही, वास नाही.

मंगलवहिनींचा राग नंतर गेला. अधूनमधून फोन करतात. परवा बोलता बोलता मध्येच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “रेखे, खरं सांग. लई जड लागलं व्हतं का त्ये? वर येताना?”

“नाही वहिनी. रोजच्याएवढंच.”

“मंग वढीत कोण व्हतं गं... तू का त्ये?”

“मला माहीत नाही, वहिनी.”

 मागे त्यांच्या शेळीचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. तुजी पोरं जेवली का?”