मावशीचा भाडेकरू

सीवूड्सला डोळ्यांच्या दवाखान्यात उरणची एक मावशी मला दर तपासणीला भेटते. दोघींच्याही बुबुळामागे गाठ आहे. मावशी गाठीला भाडेकरू म्हणते आणि निकालाआधीच पेढे घेऊन येते. परवाही थेंब घातल्यामुळे आम्हाला सगळं धूसर दिसत होतं. डॉक्टरांकडून ती नाचतच बाहेर आली. "वाढला नाय मेला!" माझाही भाडेकरू होता तेवढाच होता. तिने मला पेढा भरवला, तो थेट नाकात. मग माझा हात घट्ट धरून तरातरा रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "बरा झाला गो, तुला दिसत व्हता!"

"मला? मला वाटलं, तुम्हाला दिसतंय!"

तिथंच कठड्यावर बसून आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो, दोन्ही भाडेकरूंसकट.