बोलत राहिलेला रेडिओ

आत्या गेल्याचा फोन दुपारी दीडला आला, शेजारच्या शेवंताचा. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेल्या. पहाट ते दुपार... महिना झाला, तरी हे मधले तास माझ्या मनातून हलत नाहीत.

पोशीरला ती एकटी राहायची. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. शेवटची काही वर्षं दिसेनासंच झालं होतं. दिवस सगळा रेडिओवर चालायचा. भक्तिगीतं लागली की चहा, बातम्यांना अंघोळ, शेतीच्या कार्यक्रमाला भात चुलीवर. तो रेडिओ फार खरखरायला लागला, तेव्हा मी शहाणपणा केला. तो भंगारात दिला आणि गाण्यांच्या एका अ‍ॅपची वर्गणी भरून तिच्या हातात मोबाइल ठेवला. दोन दिवसांनी तिनं विचारलं, यातलं कुणी किती वाजले ते का सांगत नाही? मी हसलो होतो.

पुढं माझं बँकेचं कार्ड बदललं, वर्गणी थांबली, मी विसरलो. तीन आठवड्यांनी कर्जतहून गेलो, तर आत्या मुका मोबाइल कानाला लावून ओट्यावर बसलेली. कळवलं का नाहीस, म्हटलं.

"मला वाटलं, समद्यांचंच बंद झालं आसंल रं. माझ्या एकटीचंच कशाला कोन बंद करंल?"

त्याच दिवशी नेरळहून नवा रेडिओ आणला. आता ही आकाशवाणीची केंद्रं तरी किती दिवस चालतील, असं दुकानदार म्हणाला; ते मी तिला सांगितलं नाही. स्टेशन लागलं, निवेदिकेनं नमस्कार म्हटलं, आणि आत्यानं दोन्ही हात जोडले.

दहाव्याला शेवंता मला बाजूला घेऊन रडली. त्या सकाळी ती दोनदा दारावरून गेली होती. "आत रेडिओ बोलत व्हता, म्हनून हाक मारली नाय."

आत्यानं पहाटे रेडिओ लावला असणार आणि तिथंच कलंडली असणार. त्यानंतर बातम्या झाल्या, गाणी झाली, रायगडात जोराचा पाऊस येणार म्हणून गुरं बांधून घ्या, असंही कुणीतरी सांगून गेलं... तिलाही.

शेवंताला मी काय बोलणार? त्या दुपारी मी पोचलो, तेव्हाही रेडिओ बंद करायला कुणाचा हात धजला नव्हता. अंगणात माणसं खाली मान घालून बसलेली. आतून तो आवाज आला आणि चपला काढता काढता मी नेहमीसारखी हाक मारली, "आत्या, आलो गं."