जोड निवेपर्यंत

कारखान्यात त्याला सगळे सोनार म्हणत. दागिन्यांशी त्याचा संबंध लग्नापुरताच आलेला. पण टायटॅनियमच्या पाइपांना तो असे जोड घाली की बघणाऱ्याला बोट फिरवल्याशिवाय राहवत नसे. त्याची बायको तिथेच तपासणी खोलीत कामाला होती. तो जोडायचा, ती कापून बघायची. "बाकीच्यांच्या बायका घरी चुका काढतात, माझी पगार घेऊन काढते," हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. तीही दरवेळी हसायची.

टायटॅनियमसारखा नखरेल धातू नाही. तापला की हवा अधाशासारखी पितो, त्याने कडक होतो, आणि असा कडक झाला की ठिसूळही होतो. म्हणून जोड संपला, ठिणगी विझली, तरी हातातला वेल्डिंगचा टॉर्च हलवायचा नाही. जोड निवेपर्यंत तो तिथेच स्थिर धरायचा आणि त्यातून येणाऱ्या आर्गॉन वायूचं पांघरूण घालत राहायचं. जोड चांदीसारखा राहिला तर ठीक, निळा पडला तर हवा लागली. आणि निळा जोड ब्रशने घासून चकचकीत करायचा, याच्याइतकी लबाडी या धंद्यात दुसरी नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच!

दरवर्षी प्रत्येक वेल्डरला नमुन्याचा एक जोड द्यावा लागे. तो पास झाला तरच अॅसिड वाहून नेणाऱ्या पाइपांना हात लावायला मिळे. त्या वर्षी सोनाराचा तुकडा टेबलावर आला, आणि बायकोने तो उचलून लगेच खाली ठेवला. जोड चांदीसारखा होता, पण त्यावर ब्रशचे बारीक ओरखडे होते.

तिने तुकडा कापला, घासून आरशासारखा केला, त्यावर अॅसिड फिरवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जोडाच्या मधोमध धातूचे कण मोठे झाले होते. एवढी आच खाल्ल्यावर ते होणारच, त्याची काळजी नव्हती. पण वरच्या कडेला साय धरावी तशी पांढरी पट्टी होती. तिथे तिने यंत्राचं हिऱ्याचं टोक दाबलं. जोडापासून दूर, मूळ धातूवर चांगला मोठा ठसा उमटला होता, इथे तो जेमतेम दिसला. ठसा जितका लहान, तितका धातू कडक. जागा बदलून पाहिलं, तरी तेच. तिला भयंकर राग आला.

जेवणाच्या सुट्टीत तो आला, तेव्हा ती दार लावूनच बोलली.

"ब्रश का मारलात? आणि तोही माझ्यापुढे ठेवायच्या तुकड्यावर?"

उजवा हात टेबलावर पसरून त्याने तसाच ठेवला. बोटं थरथरत होती.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. जोड घालताना जमतं गं. नंतर नुसतं धरून थांबायचं म्हटलं की हात ऐकत नाही."

"मला सांगायचं नाही?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "ऐक ना. हा तुकडा फेकून दे. उद्या दुसरा करून आणतो. तो नापास झाला, तर तू म्हणशील तसं."

नवऱ्याने आयुष्यात तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. हो म्हणावं, असं तिला फार वाटलं.

"आणि पास झाला तर?" तिने विचारलं.

त्याला कळलं नाही.

"एखादा जोड तुमच्याकडून चांगला होईलच की. मग याच हाताने तुम्ही वर्षभर अॅसिडच्या पाइपांवर बसाल. खाली माणसं काम करतात, अहो."

त्याने तो कापलेला तुकडा तिच्याकडे सरकवला. मग उठला.

"साहेबांना तू सांगू नकोस," तो म्हणाला. "हात माझा आहे. मीच सांगतो."

तो गेल्यावर तिने यंत्र पुसून ठेवलं. मग तिथल्याच स्टुलावर बसून ती पोटभर रडली.