साठ अंशांवरचं धुकं

लघवी उकळली की प्रोटीन गढूळ दिसतं; नळी स्वच्छ होती, म्हणून ‘प्रोटीन : निल’ असं लिहून मी पेन ठेवलं. समोरच्या बाकावर पाठीला उशी लावून तात्या बसले होते. भवानीनगरकडचे, साखर कारखान्यातले निवृत्त पॅनमन. पाक आटताना दाणा कधी धरतो, ते नजरेनं ओळखणारा माणूस.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत माझी दोन खोल्यांची लॅब होती. तात्यांची हाडं दुखत होती, रक्त कमी झालं होतं. त्यांच्या डॉक्टरांना मायलोमाची शंका होती. हा अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. त्यात बहुधा एकाच जातीच्या अँटिबॉडीचा पूर येतो आणि रक्ततपासणीत तिचा ठळक पट्टा उमटतो. तात्यांच्या रक्ताच्या पुण्याहून आलेल्या रिपोर्टमध्ये पट्टा नव्हता. आता लघवीही स्वच्छ निघाली, तर उद्यापासून मणक्याच्या टीबीच्या गोळ्या सुरू होणार होत्या.

“बाई, मगाशी नळी पांढुरकी झालती,” तात्या म्हणाले.

“कधी?”

“उकळायच्या आदी. मंग निवळली. तुमी फोनवर व्हता.”

मला राग आला, कारण मी खरंच फोनवर होते.

“परत करा की. पर जाळ बारीक ठिवा. घाई केली की दाणा दिसत न्हाय.”

नवी नळी घेतली. पाण्याच्या भांड्यात ठेवली, शेजारी थर्मामीटर. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं, बाहेर उसाचा ट्रॅक्टर रेंगाळत चालला होता. पन्नास अंश. साठ. नळीत हळूच धुकं उतरलं. आम्ही दोघं हनुवटीला हात लावून बघत राहिलो. पाणी उकळलं तसं धुकं विरून गेलं. नळी गार होऊ लागली आणि ते पुन्हा आलं. इतकं सुंदर होतं ते, की घटकाभर मी रोग विसरले. नंतर त्याची लाज वाटली.

मग तात्यांना समजावलं. पूर्ण अँटिबॉडीत चार साखळ्या असतात, दोन जड, दोन हलक्या. काही रोगट पेशींत जड साखळीचा जीनच बिघडतो. मग नुसत्या हलक्या साखळ्या बनत राहतात. त्या इतक्या बारीक, की रक्तात न थांबता किडनीतून लघवीत उतरतात. म्हणून रक्तात पट्टा नाही, आणि साठ अंशांना गोठून उकळताना विरघळणारं ते धुकं त्यांचंच.

“म्हंजी कारखाना जोरात, पर साखरंचं पोतं न्हाय. नुसती मळी वाहतीया.”

“अगदी तसंच.”

“मंग गटार तुंबंल की, बाई.”

गटार म्हणजे किडनी. मला जे सांगायला जड जात होतं, ते त्यांनीच सांगून टाकलं. मी डॉक्टरांना फोन लावला.

“पट्टा नसताना मायलोमा?”

“अर्धवट अँटिबॉडी आहे, डॉक्टर. टीबीच्या गोळ्या नकोत. किडनी वाचवायचीय.”

पुण्यात बोन मॅरो तपासला, निदान तेच निघालं. औषध लागू पडलं, किडनी टिकली. तात्यांनी आणखी चार गळीत हंगाम पाहिले.

लोक या निदानाचं श्रेय मला देतात. मी केलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी लॅबमधला फोन बाहेरच्या खोलीत हलवला.