ऐकणारं कुणी

संशोधक विद्यार्थ्यांच्या त्या परिषदेत पेपर वाचून झाला की लगेच सर्टिफिकेट मिळायचं, आणि ते मिळालं की माणूस पसार. माझा झाला तेव्हा खोलीत मोबाइलमध्ये बुडालेल्या अध्यक्षबाई, मी आणि शेवटचा पेपर असलेली मुलगी एवढ्याच उरलो होतो. तिचा विषय तंबूतला सिनेमा. मी पिशवी उचलताच ती कळवळून म्हणाली, "ताई, थांबा ना."

दोन-दोन वर्षं गावोगाव हिंडून आम्ही लोकांचं ऐकतो. एकमेकांचं ऐकायला मात्र पंधरा मिनिटं नसतात. मग हे सगळं कुणासाठी?

माझी एसटी होती. जिन्यात तिचा आवाज आला, जीव तोडून वाचत होती: "एकच प्रेक्षक आला, तरी तंबूवाले खेळ रद्द करत नसत."

मी उतरत राहिले.