मुकादमचं खारं रान

लिही गं, माझ्या नणंदेचं लिहायचंय. सगळे तिला मुकादम म्हणायचे. ती नुसती उभी राहिली तरी माणसं कामाला लागायची.

तिला कसायला मिळालेलं दोन एकर रान पांढरं पडलेलं. वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी वारेमाप पाजलं आणि खालचं मीठ वर आलं. पेरलेलं उगवेना. जमीन तुझ्या आजोबांच्या नावावर. ते तिला म्हणाले, "अगं, वीटभट्टीवाला माती मागतोय. देऊन टाकू."

"आणि मी काय खड्डा पेरू, दादा?"

"मग तीन वर्षं घे. नाही पिकलं तर भट्टी."

शेतीखात्यातल्या साहेबानं तिला झुडपं दिली. पानं जाडजूड, चावली तर तोंड खारट. म्हणाला, "ही मीठ ओढून घेतात. लावा आणि कापत राहा." मुकादमनं लावली. पायाच्या भेगांत मीठ जायचं, पाय धुताना कळवळायची, तरी सकाळी हजर. दुसऱ्या वर्षी रान हिरवंगार!

आणि कापलेला पाला? तो तिथेच गाडला. मीच म्हटलं, "वन्सं, एवढा पाला फेकता कशाला? खत होईल." आयुष्यभर हेच केलेलं ना आम्ही. दोघींनी पदर खोचून चर खणले, पाला भरला, वरून तुडवला.

तिसऱ्या वर्षी पेरलं. कोंब बोटभर झाले आणि करपले. साहेबानं चर उकरला आणि कुजका पाला मुठीत धरून आम्हाला दाखवला.

"बाई, मीठ रानाबाहेर न्यायचं होतं! तुम्ही परत त्यालाच भरवलंत."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, कळेल."

मुकादमनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "वहिनी, दादाला तुझं नाव सांगू नकोस. तुझा जीव खाईल. माझंच डोकं म्हणायचं."

आणि मी गप्प बसले गं. चूक माझी म्हटलं असतं, तर कदाचित अजून एक वर्ष मिळालं असतं तिला.

भट्टीवाल्याचं माती उचलायचं यंत्र आलं तेव्हा ती चरातला कुजका पाला टोपलीनं हद्दीबाहेर नेत होती. तुझे आजोबा ओरडले, "अगं वेडे, आता कशाला?"

"माझ्याकडचं टोक अजून खणलं नाही ना!"

मीही टोपली उचलली. तोंड काही उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत तेही टोक गेलं.